तीन गाड्या घेऊन कार रेंटल सुरू करताय? आधी महिन्याचे भरलेले दिवस मोजा

प्रश्न जालन्याच्या एका तरुणाचा आहे. वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडायच्या विचारात आहेत. हाताशी आठ लाख आहेत, उरलेलं कर्ज काढायचं, तीन अर्टिगा घ्यायच्या आणि छत्रपती संभाजीनगरात कार रेंटल टाकायचं, असा बेत आहे. विचारलंय असं: सेल्फ-ड्राइव्ह बरं की ड्रायव्हरसह? ॲपवाले आणि गल्लीतली पोरं दहा-अकरा रुपये किलोमीटरने जातात, तिथं मी चौदाने कसा टिकणार? आणि मोठ्या कंपन्या हा धंदा नेमका चालवतात कसा?

भाऊ, मी याच शहरात बरीच वर्षं हे काम करतोय. थोड्या गाड्या स्वतःच्या, बाकी अटॅच, म्हणजे दुसऱ्या मालकांच्या, कामापुरत्या जोडलेल्या. म्हणून जे सांगतो ते इथल्या रस्त्यांचं आणि इथल्या गिऱ्हाइकाचं आहे. पुण्या-मुंबईचा हिशोब वेगळा, नांदेड-लातूरचाही थोडा वेगळा. तुमच्या प्रश्नात रेट सारखा येतोय, पण अडचण रेटच्या आधी सुरू होते. तुमची गाडी महिन्यातले किती दिवस पैशाच्या कामावर असेल आणि ते पैसे हातात कधी पडतील, एवढं कळलं की रेटचं कोडं बरंचसं सुटतं.

आकडे मांडून बघू. हे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा गाडी पिवळ्या पाटीवर, म्हणजे भाड्याची गाडी म्हणून, पासिंग होऊन रस्त्यावर येईपर्यंत 12 लाखांना पडली. 3 लाख तुमचे, 9 लाख कर्ज. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण 19,300 येतो. ड्रायव्हरचा पगार 16,000 धरा. कमर्शियल इन्शुरन्स वर्षाला 54,000 म्हणजे महिन्याला 4,500. टॅक्स, परमिट, फिटनेस, जीपीएस मिळून दीड हजार. धुणं, पार्किंग, फोन, हिशोबनीस असे किरकोळ तीन हजार. झाले 44,300. गाडी दारात उभी राहिली तरी हे जाणारच. महिन्याला 14 दिवस काम मिळालं तर प्रत्येक कामाच्या दिवसावर 3,164 रुपयांचं ओझं पडतं. 22 दिवस मिळाले तर तेच 2,014 वर येतं. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, गिऱ्हाईकही कदाचित तेच.

आता कमाईची बाजू. चौदा रुपये किलोमीटर, आउटस्टेशनला रोजचे किमान 300 किलोमीटर, म्हणजे दिवसाचे 4,200. सीएनजी, टायर, सर्व्हिसिंग धरून किलोमीटरला सहा रुपये जातात असं धरू. उरले आठ, म्हणजे दिवसाला 2,400. वरच्या 44,300 ला 2,400 ने भागा. साडेअठरा दिवस आले. म्हणजे एकोणिसाव्या दिवसाला गाडी तुमच्यासाठी कमवायला लागते, तोवर ती बँकेसाठी, ड्रायव्हरसाठी आणि इन्शुरन्सवाल्यासाठी पळत असते. आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या लोकल पॅकेजला 2,500 मिळत असतील तर खर्च जाऊन 2,020 उरतात आणि हाच आकडा बावीस दिवसांवर जातो. आता रेट एक रुपयाने पाडून बघा. आउटस्टेशनचा दिवस 2,100 वर येतो आणि एकोणिसाऐवजी एकवीस-बावीस दिवस लागतात. म्हणून मी रेट पाडण्याआधी विचारतो, या पाडलेल्या रुपयाने मला महिन्याला तीन दिवस जास्तीचे मिळणार आहेत का? मिळणार असतील तर पाडा. नुसतं समोरच्याने पाडला म्हणून नको.

दिवसांचा विचार डोक्यात बसला की बाकीचे निर्णयही बदलतात. मी गाडी निवडताना ॲव्हरेज बघतो, पण त्याआधी सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे आणि पार्ट किती दिवसांत येतो ते विचारतो. अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी पत्र्याचे पैसे देईल, पण बॉडीशॉपमध्ये गेलेल्या पंधरा दिवसांचं भाडं कुणी देत नाही. सर्व्हिसिंग मंगळवार-बुधवारी करून घ्यायचं, शनिवारी कधीच नाही. फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी यांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवायच्या. नव्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. लग्नाच्या मुहूर्तावर गाडी आरटीओच्या रांगेत उभी असली म्हणजे ते भाडं गेलंच.

सेल्फ-ड्राइव्हचं लगेच निकालात काढतो. केंद्राची 1989 ची रेंट-अ-कॅब योजना आहे. त्यात लायसन्स घ्यायला किमान 50 गाड्या लागतात, त्यातल्या निम्म्या एसी, आणि अशा गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. तीन गाड्यांच्या माणसाला ते दार बंद आहे. मग गावोगाव जे सेल्फ-ड्राइव्हचे बोर्ड दिसतात ते काय आहे? बहुतेक पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या. खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने दिली की कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारते. परमिट नसताना भाड्याने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192-अ खाली 10,000 दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वर गाडी परत न येण्याची, नाहीतर कुठंतरी गहाण पडलेली सापडण्याची भीती. तीन गाड्यांपैकी एक गेली तर तुमचा एक तृतीयांश धंदा गेला. पन्नास गाड्यांवाल्याला तो धक्का पचतो. तेव्हा ड्रायव्हरसहच.

स्पर्धेचं बोलू. तुम्हाला ॲपची भीती वाटते. माझ्या मते इथं तुमचा पहिला स्पर्धक ॲप नाहीच, शेजारचा पांढऱ्या पाटीवाला आहे. त्याने घरासाठी गाडी घेतलेली असते, स्वतःच चालवतो, खासगी इन्शुरन्स भरतो आणि हिशोबात फक्त इंधन धरतो. त्याला दहा रुपयांतले पाच सुटल्यासारखे वाटतात. गाडी झिजतेय हे त्याला तिसऱ्या वर्षी टायर आणि क्लच एकदम बदलताना कळतं, पण तोवर दुसरा पांढरी पाटीवाला तयार झालेला असतो. त्याच्याशी रेटवर भांडायचंच नाही. तो जिथं जाऊ शकत नाही तिथं आपण जायचं: जिथं कागद मागतात. शेंद्रा, वाळूज, चिकलठाण्याच्या कंपन्या, परदेशी पाहुणे आणणाऱ्या टूर एजन्सी, चांगली हॉटेलं, बँकेचं ऑडिट. यांना परमिटची गाडी लागते, जीएसटीचं बिल लागतं, ड्युटी स्लिप लागते. तिथं पंधरा-सोळाचा रेटही मिळतो.

ॲपचा फटका बसतो तो एका बाजूच्या ड्रॉपला. पुण्याचं घ्या, साधारण 235 किलोमीटर. तुम्ही येण्या-जाण्याचे 470 किलोमीटर चौदाने लावले तर 6,580 होतात आणि गिऱ्हाईक फोन ठेवतं. समजा तुम्ही 3,800 ला ड्रॉप घेतला. 470 किलोमीटरचे सहाने 2,820 गेले, ड्रायव्हरचा भत्ता 400, उरले 580, त्यातून परतीचा टोल. दिवस मात्र पूर्ण गेला. परतीचं भाडं अडीच हजारांचं मिळालं तर हाच दिवस चांगला ठरतो. ॲपचं बळ एवढंच, त्यांच्याकडे परतीचं गिऱ्हाईक असतं. तुम्ही ते माणसांच्या जोरावर उभं करू शकता. पुण्यातले, नाशिकचे, ठाण्याचे चार-पाच भरवशाचे ट्रॅव्हल्सवाले धरून ठेवा. मी त्यांची परतीची गाडी भरतो, ते माझी. व्हॉट्सॲपवर शेकडो गाडीवाल्यांचे ग्रुप आहेत, पण त्यांत निम्मी भाडी आयत्या वेळी रद्द होतात. चार ओळखीची माणसं जास्त कामाची. आणि परत भरायची सोय आधी झाली नसेल तर मी ड्रॉप सरळ दुसऱ्याला देऊन टाकतो.

समृद्धीमुळे या गणितात फरक पडलाय. नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा 5 जून 2025 ला. 701 किलोमीटरचा रस्ता झाला, मुंबईची भाडी वाढली. पण एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. रस्त्यावर कारला 120 ची मर्यादा असली तरी पिवळ्या पाटीच्या गाडीला 80 चा स्पीड लिमिटर असतो. शेजारून पांढऱ्या पाट्या सुसाट जातात आणि मागच्या सीटवरून विचारणा होते, गाडीत काही बिघाड आहे का? मी फोनवरच सांगतो, मुंबईला पाच-साडेपाच तास लागतील, विमान असेल तर त्याप्रमाणे निघा. काही भाडी यामुळे जातात. जी राहतात ती पुन्हा येतात. टायरची हवा आणि वय मात्र मी स्वतः बघितल्याशिवाय त्या रस्त्यावर गाडी सोडत नाही. मराठवाड्यातलं एप्रिल-मेचं ऊन, तापलेलं काँक्रीट आणि जुना टायर हे एकत्र नको.

मोठ्या कंपन्यांचं विचारलंत. अमेरिकेतल्या दोन गोष्टी मला आपल्या कामाच्या वाटतात. पहिली एंटरप्राइझ या कार रेंटल कंपनीची. जॅक टेलर यांनी 1957 साली सेंट लुईसमध्ये सात गाड्यांवर ती सुरू केली, तीही लीजिंगची, म्हणजे लांब मुदतीच्या कराराने गाड्या देणारी कंपनी म्हणून. भाड्याचं काम 1962 पासून. तेव्हा याच धंद्यातली हर्ट्झ मोठी होती, आणि एव्हिस तर 1946 मध्ये विमानतळावरच जन्मलेली. एंटरप्राइझने विमानतळावर त्यांच्याशी झुंज घेतली नाही. ज्याची स्वतःची गाडी अपघाताने गॅरेजला पडलीय, त्या गावातल्याच माणसाला गाडी द्यायची, गॅरेजवाल्याशी आणि विमा कंपनीशी संबंध ठेवायचे, असा मार्ग धरला. पुढे तीच अमेरिकेतली सगळ्यात मोठी झाली. तुमच्यासाठी याचा अर्थ, जिथं सगळे रांगेत उभे आहेत तिथं चौथे म्हणून उभे राहू नका.

दुसरी गोष्ट हर्ट्झची. त्यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये एक लाख टेस्ला घेणार असं जाहीर केलं. जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या आणि इतर अशा सुमारे 20,000 इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढतोय असं सांगावं लागलं. मधल्या काळात टेस्लाने नव्या गाडीच्या किमती उतरवल्या, त्यामुळे जुनीची किंमत पडली, आणि अपघातानंतरची दुरुस्ती महाग निघाली. गाड्या भाड्याने जात नव्हत्या एवढंच कारण नव्हतं. कार रेंटलवाला खरं तर गाडी विकत घेऊन काही काळाने विकणारा व्यापारी असतो, मधल्या काळात भाडं मिळतं. घेताना आणि विकताना चुकला तर मधलं भाडं त्याला तारत नाही. आपल्याकडे हे कुणी धरतच नाही. पिवळ्या पाटीची, अडीच लाख किलोमीटर झालेली गाडी पाच वर्षांनी किती देईल? समजा चार लाख. म्हणजे 12 लाखांतले आठ लाख झिजले, महिन्याला तेरा हजारांच्या वर.

यावर जरा थांबतो, कारण आपल्या भागातले निम्मे गाडीवाले इथंच बुडतात. पाच वर्षांनी हप्ता फिटतो. मालकाला वाटतं आता 19,300 रुपये सुटले, सगळा नफाच. मग तो अकरा रुपयांनी पळायला लागतो. बाजारातला रेट पाडतो, वर्षभर मजेत असतो, आणि गाडी थकते तेव्हा नवीसाठी हातात पैसा नसतो. पुन्हा शून्यापासून कर्ज. तुम्हाला जो दहा-अकरा रुपयांचा रेट दिसतोय त्यातला बराचसा अशा हप्ता फिटलेल्यांचा आहे. तो टिकणारा रेट नव्हे, पण तुमच्या पहिल्या दोन वर्षांत तो बाजारात असणारच, हेही धरून चाला. हप्ता फिटल्यावरही तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकायची, मी तसंच करतो. आयकरात भाड्याने चालणाऱ्या गाडीला 30 टक्के घसारा मिळतो, तो सीएकडून लावून घ्या. कागदावरचा घसारा आणि बाजारातली झीज मात्र सारखी नसते.

आता पैसे हातात कधी येतात ते. कंपनीची मंथली मिळाली की नवा माणूस पेढे वाटतो. गाडी महिनाभर कामावर, दिवसांची चिंता मिटली. खरंय, पण बिल महिना संपल्यावर जातं आणि तिथून साठ दिवसांनी पैसे येतात. म्हणजे पहिल्या तारखेला पळायला लागलेल्या गाडीचा पहिला रुपया नव्वद दिवसांनी. महिन्याचे 44,300 आणि अडीच हजार किलोमीटरचे पंधरा हजार, असे साधारण 59,000 तीन महिने खिशातून. एका गाडीला पावणेदोन लाखांच्या वर. आठ लाखांतले सगळे डाउन पेमेंटला घातले तर हे कुठून आणणार? चांगलं काम मिळूनही गाडी बँकेने ओढून नेलेली मी बघितलीय.

यावर थोडा उपाय आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या आणि कंपनीशी लेखी करार करा. आयकर कायद्यात 2023-24 या आर्थिक वर्षापासून तरतूद आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल कराराप्रमाणे, जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकवलं नाही, तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. मार्च जवळ आला की अकाउंट्स खात्याला याची आठवण करून दिली तर बिलं हलतात. बाकी महिने अकाउंट्समधल्या माणसाशी गोड राहावं लागतं, त्याला इलाज नाही. जीएसटीचं म्हणाल तर एक गाडी महिन्याला वीस दिवस चालली तर वर्षाला दहा लाखांचं बिलिंग होतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या गाडीला वीस लाखांची मर्यादा ओलांडणारच. इंधनासह भाड्याला 5 टक्के, आणि प्रोप्रायटरने कंपनीला गाडी दिली तर तो कर कंपनीने भरायचा, हा साधा मार्ग बहुतेक जण घेतात. दुसरा पर्याय इनपुट क्रेडिटसह, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करून घेण्याचा आहे, त्याचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 18 झाला. तुमच्या आकाराला तो क्वचितच परवडेल, पण हे सीएसोबत बसून ठरवा.

ड्रायव्हरबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि धंदा तर त्याच्यावरच चालतो. गिऱ्हाईक तुम्हाला बघत नाही, त्यालाच बघतं. पहाटे पाचला चिकलठाणा विमानतळावर हजर असणारा, दाढी केलेला, न पिणारा माणूस हा तुमचा माल आहे. लायसन, बॅज, पोलीस पडताळणी बघा, पण त्याहून जास्त त्याच्या आधीच्या मालकाशी बोला. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद हे त्याला झोपेतही माहीत पाहिजे. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबते, तिथून एसटीच्या बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं, हे त्याने पाहुण्यांना उतरण्याआधी सांगितलं तर चिडचिड होत नाही. दुपारच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना अजिंठ्याच्या पायऱ्या चढायला लावू नयेत, सकाळी लवकर निघावं, हे सुचवणारा ड्रायव्हर असला की एजन्सी पुढच्या ग्रुपला त्याचं नाव घेऊन गाडी मागते.

हिमरू-पैठणीच्या दुकानात पाहुणे नेले की ड्रायव्हरला कमिशन मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी ते बंद करायला जात नाही, बंद होतही नाही. नियम एकच, पाहुण्याने विचारलं तरच न्यायचं आणि एकाच दुकानात. पगार वेळेवर, भत्ता रोजच्या रोज, मुक्कामाला गाडीत झोपायला लावायचं नाही. रात्री बाराला परत आलेल्याला पहाटे पाचची ड्युटी देत नाही, भाडं गेलं तरी चालेल. नव्या कामगार संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू होईपर्यंत, पाच माणसं कामाला झाली की मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा लागू व्हायचा, त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास ठरले होते. तीन गाड्यांच्या माणसाला तो तेव्हाही लागत नव्हता, पण झोप सगळ्यांना सारखीच लागते.

हंगामाचं काय? आपल्याकडे पैसा शेतातून येतो. सोयाबीन आणि कापसाला भाव मिळाला तर दिवाळीनंतर लग्नांच्या गाड्या आणि देवदर्शनाच्या फेऱ्या वाढतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी नोव्हेंबरपासूनच फोन शांत असतो. त्यातही कॅलेंडर ठरलेलं आहे: श्रावणात वेरूळचं घृष्णेश्वर, नवरात्रात तुळजापूर, डिसेंबर-जानेवारीत परदेशी पाहुणे, एप्रिल-मेत लग्नसराई, चातुर्मासात लग्नं नाहीत. मुहूर्ताच्या दिवशी दहा गाड्या असत्या तरी लागल्या असत्या असं वाटतं, आणि त्याच दिवशी माणूस नवी गाडी बुक करून बसतो. तसं करू नका. स्वतःच्या गाड्या आषाढातल्या कामाला पुरतील एवढ्याच ठेवा. गर्दीच्या दिवसाला अटॅच गाड्या घ्या, दहा-पंधरा टक्के तुमचे, झीज आणि हप्ता त्यांचा. विहीर उन्हाळ्यातल्या पाण्यावर जोखतात, तसंच हे. फक्त अटॅच गाडीवाल्याला पैसे त्याच आठवड्यात द्या. कंपनीने तुम्हाला थकवलं ही तुमची अडचण, त्याची नाही. जो वेळेवर देतो त्याला मुहूर्ताच्या दिवशी गाडी मिळते.

संभाजीनगरातच करायचं का, हेही एकदा तपासा. तुम्ही जालन्याचे आहात. जालना-मुंबई वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली, आता ती नांदेडपर्यंत जाते. मुंबईचा पाहुणा रेल्वेने उतरतो आणि त्याला फक्त लोकल गाडी हवी असते. जालन्यात स्टील आणि बियाणांच्या कंपन्या आहेत, आणि तिथल्या लोकांना तुम्ही ओळखता. नांदेडला सचखंड एक्सप्रेसने पंजाबहून भाविक येतात, हजूर साहिब झालं की बिदरच्या नानक झिरा साहिबला जातात. म्हणजे कर्नाटक, ऑल इंडिया परमिट हवंच. लातूरला नीटच्या क्लासच्या लेकरांना भेटायला रविवारी आई-वडील येतात. ही छोटी छोटी कामं मोठ्या कंपन्या बघत नाहीत. संभाजीनगरला पर्यटन आणि विमानतळ आहे, पण तिथं गर्दीही आहे. तिथंच आलात तर इंटरनेटवरच्या नोंदीत शहराचं जुनं नावही ठेवा, बाहेरचा माणूस अजून त्यानेच शोधतो.

मग तुमच्या आठ लाखांचं काय करावं? तीन गाड्यांना नऊ लाख डाउन पेमेंट लागेल, तेवढं तुमच्याकडे नाही, आणि असतं तरी मी नको म्हटलं असतं. एक गाडी घ्या. तीन लाख गेले. पावणेदोन-दोन लाख मंथलीच्या तीन महिन्यांसाठी बाजूला. उरलेल्या तिनातले निदान दीड लाख हात न लावता ठेवा, तीन महिने काम न मिळाल्यास हप्ता, पगार चालेल एवढी ती रक्कम आहे. गाडी आली की लगेच मंथलीला लावू नका. पहिले काही महिने मोकळी पळवा, रोज वहीत लिहा: आज काम होतं का, किती किलोमीटर, त्यातले रिकामे किती, पैसे मिळाले की बाकी. अटॅच गाड्या तीन-चार जोडा आणि त्यांचंही तसंच लिहा. सलग तीन महिने स्वतःची गाडी बावीस दिवसांच्या वर गेली आणि अटॅच गाड्यांना तुम्ही महिन्याला आणखी वीसेक दिवसांचं काम देत असलात, तर दुसरी घ्या, आणि तेव्हा पहिली मंथलीला टाका. नोकरी मात्र पहिली गाडी येण्याआधी सोडू नका. रात्रपाळी मागून घेता आली तर घ्या, म्हणजे दिवसा फोन घ्यायला मोकळे राहाल.